नाजूक आवाजाचे राखणदार

घरांतील विजेचा फ्यूज उडाला म्हणजे पूर्वीं आपल्याकडे एक प्रसंग हमखास घडे. मीटरच्या फळीवरची चिनी मातीची किटकॅट कोणी तरी ओढून काढी, काडीच्या उजेडांत वितळलेली तार शोधी, आणि योग्य जाडीची तार हाताशीं नसली म्हणजे जुन्या वायरींतील तांब्याचे चारपांच पदर एकत्र पिळून तिच्यांत घट्ट बसवी. दिवे लागत, मंडळींना हायसें वाटे. त्या जाड तारेचा फ्यूज पुढें कधींच उडत नसे, आणि तें त्या दुरुस्तीचें यशच समजलें जाई. वस्तुतः त्या क्षणापासून घराला फ्यूज उरलेलाच नसे. पुढच्या वेळीं वितळावयाचें तें भिंतींतील तारांनीं वितळावयाचें, एवढाच काय तो फरक झालेला असे.

आज मला ज्या विषयासंबंधीं बोलावयाचें आहे, तो या प्रसंगाचाच एक सूक्ष्म प्रकार आहे. संगीत ऐकण्याच्या लाऊडस्पीकरची पेटी उघडली तर तिच्या आंत एका लहानशा पट्टीवर तांब्याच्या तारेचीं वेटोळीं, कांहीं कंडेन्सर आणि एकदोन रोधक बसविलेले दिसतात. याला क्रॉसओव्हर म्हणतात. त्यांच्याच शेजारीं कधीं एखादा छोटा दिवा असतो, कधीं एखादा कांचेचा फ्यूज असतो, कधीं दोन डायोड, तर कधीं पिवळसर रंगाची एक चपटी चकती असते. या वस्तूंचा आवाजाच्या निर्मितीशीं कांहीं संबंध दिसत नाहीं. त्या तेथें आहेत त्या रक्षणासाठीं. आणि म्हणूनच हौशी माणसाच्या मनांत पहिला प्रश्न येतो तो हा कीं, या काढून टाकल्या तर आवाज अधिक निर्मळ येणार नाहीं काय? हा प्रश्न निदान अर्धशतक तरी विचारला जात आहे. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं हे राखणदार तेथें केव्हां आणि कां आले, हें पाहिलें पाहिजे.

लाऊडस्पीकरचा सार्वजनिक इतिहास तसा फार जुना नाहीं. पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनीं कॅलिफोर्नियांत चुंबकक्षेत्रांत हलणाऱ्या वेटोळ्याचा उपयोग करून मोठा आवाज देणारें यंत्र सिद्ध केलें, आणि १९१५ च्या नाताळांत सॅन फ्रॅन्सिस्को येथें तें हजारों लोकांना ऐकविलें. पुढें सप्टेंबर १९१९ मध्यें अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनीं सॅन डिएगो येथील क्रीडांगणांत सुमारें पन्नास हजारांच्या समुदायापुढें याच यंत्राच्या साहाय्यानें भाषण केलें. आपल्या देशांत १९३१ च्या कराची काँग्रेसमध्यें नानिक मोटवाने यांच्या 'शिकागो रेडिओ'नें लाऊडस्पीकरची व्यवस्था केली, आणि जो आवाज पुढच्या चारदोन रांगांच्या पलीकडे पोंचत नसे तो अखेरच्या माणसापर्यंत गेला. या साऱ्या प्रसंगीं अपेक्षा एवढीच होती कीं, शब्द समजावेत. संगीताचा आग्रह अद्याप कोणी धरलेला नव्हता.

तो आग्रह सुरू झाला तो १९२५ नंतर. त्या वर्षीं जनरल इलेक्ट्रिक कंपनींतील चेस्टर राईस आणि एडवर्ड केलॉग यांनीं कागदी शंकूच्या लाऊडस्पीकरचें शास्त्र एका निबंधांत मांडलें. आज आपल्या रेडिओंत किंवा दूरचित्रवाणीच्या संचांत जो शंकू कंप पावतो, तो बहुतांशीं त्यांच्याच आराखड्याचा वंशज आहे. परंतु या शंकूची एक अडचण लवकरच ध्यानांत आली. खर्जांतील स्वर काढावयाचा तर पुष्कळ हवा हलवावी लागते, आणि त्यासाठीं शंकू मोठा व मोकळेपणीं हलणारा हवा. उलट झांजेचा झणत्कार काढावयाचा तर सेकंदाला दहा हजार वेळां कंप पावणारा पडदा हवा, आणि तो अर्थात् लहान व हलका असला पाहिजे. हत्तीचें बळ आणि फुलपांखराचें चापल्य एकाच देहांत मागण्यासारखें हें होतें. तेव्हां दोन देह करणें हाच मार्ग उरला. एक खर्जासाठीं व एक तारस्वरांसाठीं. पुढें त्यांना वूफर आणि ट्वीटर अशीं पक्षिप्राण्यांच्या आवाजांवरून नांवें मिळालीं.

दोन देह केले म्हणजे त्यांना कामाची वांटणी करून देणारा कोणी तरी लागतो. ती विद्या आयती हाताशीं होती, आणि ती आली होती टेलिफोनकडून. १९१५ च्या सुमारास अमेरिकेंत जॉर्ज कँबेल यांनीं आणि जर्मनींत कार्ल विली वाग्नर यांनीं, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, विजेच्या तरंगांची गाळणी शोधून काढली होती. तिचें मूलतत्त्व साधें आहे. तारेचें वेटोळें मंद कंपनांना वाट देतें आणि शीघ्र कंपनांना अडवितें. कंडेन्सर याच्या नेमकें उलट वागतो. कंपनसंख्या निम्मी झाली कीं कंडेन्सरचा अडथळा दुप्पट होतो. दोहोंची योग्य जुळणी केली म्हणजे एका तारेवरून अनेक संभाषणें नेऊन ती दुसऱ्या टोंकाला निरनिराळीं करतां येतात. हीच गाळणी लाऊडस्पीकरच्या पेटींत बसविली म्हणजे क्रॉसओव्हर झाला.

त्याचा पहिला थोर प्रयोग २७ एप्रिल १९३३ रोजीं झाला. फिलाडेल्फियांतील एका सभागृहांत वाद्यवृंद वाजत होता, आणि तो ऐकणारा श्रोतृवर्ग वॉशिंग्टनमध्यें बसला होता. बेल प्रयोगशाळेच्या हार्वे फ्लेचर यांनीं तीन स्वतंत्र तारांवरून तो आवाज तेथें नेला होता. वृंदाचे नामांकित संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की हे त्या संध्याकाळीं वाद्यांपुढें नव्हते, तर वॉशिंग्टनच्या सभागृहांत आवाजाच्या खुंट्यांवर हात ठेवून बसले होते. रंगमंचावरील प्रत्येक लाऊडस्पीकरांत खर्जाचा मोठा कर्णा निराळा आणि वरच्या स्वरांचे कर्णे निराळे होते, आणि सुमारें ३०० हर्ट्झच्या सीमेवर क्रॉसओव्हर त्यांची वांटणी करीत होता.

बोलपटांच्या धंद्यानें ही कल्पना लगेच उचलली. हॉलिवुडच्या मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनींत डग्लस शीअरर आणि जॉन हिलियर्ड यांनीं चित्रपटगृहांसाठीं तशीच दुहेरी रचना तयार केली आणि तिला १९३६ सालचें अकादमीचें तांत्रिक पारितोषिक मिळालें. या कामासंबंधीं एक गोष्ट सांगतात. आधींच्या रचनेंत खर्जाच्या कर्ण्याची वाट लांब व तारस्वरांच्या कर्ण्याची वाट आंखूड होती. त्यामुळें पायांच्या ठेक्यावर नाचणाऱ्या नर्तिकेचा प्रत्येक ठेका दोनदां ऐकूं येई. आठ फुटांचा फरक म्हणजे सेकंदाचा सुमारें एकशेचाळिसावा भाग. पण कानाला तो पुरेसा होता. विभागलेला आवाज पुन्हां एकजीव झाला पाहिजे, हा धडा तेव्हांपासून या शास्त्रांत कायमचा झाला.

येथवर मीं राखणदारांचें नांव घेतलें नाहीं. तें घेण्याची गरजही नव्हती, कारण क्रॉसओव्हर हाच पहिला राखणदार होता. ट्वीटरच्या वाटेवरील कंडेन्सर केवळ कामाची वांटणी करतो असें नव्हे. तो त्या नाजूक पडद्याचा जीवही वांचवितो. एकाच तीव्रतेचा स्वर एक सप्तक खालीं काढावयाचा झाला तर पडद्याला चौपट अंतर हलावें लागतें. केसाच्या जाडीइतकें हलण्यासाठीं घडविलेला पडदा खर्जाच्या लाटेंत सांपडला तर फाटणारच. शिवाय ट्वीटरचें वेटोळें अतिशय बारीक तारेचें असतें; त्याच्यांत उष्णता सांठवावयाला जागा नसते. सुदैवानें संगीताची बहुतेक शक्ति खालच्या व मधल्या स्वरांत असते, आणि तारस्वरांच्या वांट्याला तिचा लहानसाच अंश येतो. म्हणूनच 'पन्नास वॉट' असें लिहिलेल्या पेटींतील ट्वीटर प्रत्यक्षांत सतत चार-पांच वॉटच सोसूं शकत असला तरी चालून जातें. हा पेटीवरील आंकडा एका अटीवर खरा असतो. अट ही कीं, अ‍ॅम्प्लिफायरकडून येणारा आवाज संगीताच्याच घडणीचा असला पाहिजे.

महायुद्धानंतर ही अट मोडूं लागली. १९४७ सालीं इंग्लंडांत विल्यमसन यांनीं प्रसिद्ध केलेला अ‍ॅम्प्लिफायर त्या काळचा आदर्श मानला जाई, आणि तो होता पंधरा वॉटचा. पुढें १९५४ मध्यें एडगर व्हिल्चर यांनीं लहान बंद पेटींतून खोल खर्ज काढण्याची युक्ति शोधली. युक्ति उत्तम होती; मात्र तिला शक्ति पुष्कळ लागे. दिवाणखान्यांत पेट्या लहान झाल्या आणि अ‍ॅम्प्लिफायर मोठे होऊं लागले. ट्रान्झिस्टर आल्यावर तर या वाढीला सीमाच राहिली नाहीं. १९६७ चा क्राउन कंपनीचा अ‍ॅम्प्लिफायर प्रत्येक बाजूला दीडशें वॉट देई. कांहीं वर्षांतच बॉब कार्व्हर यांनीं साडेतीनशें वॉट देणारा बाजारांत आणला.

सामान्य समज असा कीं, ट्वीटर जळतात ते फार मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरमुळें. तें अर्धसत्य आहे. लहान अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या शक्तीबाहेर चालविला म्हणजेही तेंच घडतें. त्याच्या मर्यादेशीं पोंचलेल्या लाटेचा माथा कापला जातो. गोल टेंकडीचें सपाट पठार होतें. संपूर्ण पठार झालेल्या लाटेंत त्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट शक्ति असते, आणि तिच्या तीक्ष्ण कडांतून मूळ स्वरांत नसलेले उंच स्वर निर्माण होतात. ते सारे क्रॉसओव्हरच्या नियमाप्रमाणें ट्वीटरकडे जातात. तेवढ्यांत ऐकणारा खुंटी आणखी पिळतो. खर्ज वाढत नाहीं, कारण त्याचा माथा आधींच छताला लागलेला असतो, पण वरचे स्वर मात्र वाढत जातात. कंडेन्सर येथें निरुपयोगी ठरतो. त्यानें अडवावें असा खर्ज येतच नसतो. जें येतें तें त्याच्याच दारानें आंत जाण्यास पात्र असतें. येथें दुसरा राखणदार हवा होता.

असे राखणदार तीनचार प्रकारचे झाले. सर्वांत साधा तो फ्यूज. कांहीं उत्पादकांनीं तो पेटींत बसविला, कांहींनीं ग्राहकाला बाहेर बसविण्याचा सल्ला दिला. फ्यूज प्रामाणिक खरा, पण त्याला तारतम्य नसतें. तो एकदां वितळला कीं गाणें अर्ध्यावर थांबतें, आणि मग मीं आरंभीं सांगितलेली जाड तार आठवते.

दुसरा राखणदार डायोड. अमेरिकेंतील आर्कान्सा संस्थानांत होप नांवाच्या लहान गांवीं पॉल क्लिप्श यांनीं १९४६ मध्यें आपला कारखाना काढला. खोलीच्या कोपऱ्याचाच कर्ण्यासारखा उपयोग करून घेणारा त्यांचा लाऊडस्पीकर एका वॉटांत शंभराहून अधिक डेसिबल आवाज देई. इतक्या कार्यक्षम यंत्राला मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरची गरजच नव्हती. परंतु ग्राहक ते जोडूं लागले, आणि ट्वीटर जळूं लागले. तेव्हां १९७० नंतरच्या पहिल्या वर्षांत 'एए' या नांवाच्या क्रॉसओव्हरमध्यें ट्वीटरच्या दोन टोंकांवर झेनर जातीचे दोन डायोड एकमेकांकडे पाठ करून बसविण्यांत आले. झेनरचें वैशिष्ट्य असें कीं, ठराविक दाबापर्यंत तो बंद दारासारखा असतो, आणि त्या दाबापलीकडे एकदम उघडतो. जास्तीचा प्रवाह मग ट्वीटरमधून न जातां बाजूच्या वाटेनें निघून जातो. यांत एक दोष उघड आहे. जेथें दार उघडतें तेथें लाटेचा माथा कापला जातो, आणि आवाज कर्कश होतो. म्हणून पुष्कळ हौशी मंडळींनीं हे डायोड सोडवून टाकले, आणि आवाज मोकळा झाल्याचें सांगितलें. येथें थांबून विचार केला पाहिजे. आवाज माफक असतां हे डायोड जवळजवळ झोंपलेलेच असतात; जो जागाच झालेला नाहीं त्याला घालवून काय मिळणार? आणि ज्या क्षणीं ते जागे होऊन आवाज बिघडवितात, त्याच क्षणीं ते ट्वीटर वांचवीतही असतात. तो कर्कशपणा हाच त्यांचा इशारा होय.

तिसरा राखणदार मला सर्वांत प्रिय आहे. तो म्हणजे दिवा. टंग्स्टनच्या तंतूचा रोध तो तापला म्हणजे दहा ते पंधरा पटींनीं वाढतो. या गुणाचा हुषार उपयोग विल्यम ह्यूलेट यांनीं १९३९ च्या आपल्या ध्वनिजनक यंत्रांत केला. त्या यंत्राचा स्वर फार चढूं लागला कीं आंतील दिवा तापे आणि त्याला आवर घाली. तसलीं आठ यंत्रें वॉल्ट डिस्ने यांच्या कंपनीनें 'फँटॅशिया' या १९४० च्या चित्रपटाच्या कामीं घेतलीं, आणि एका मोठ्या कारखान्याचा पाया घातला गेला. लाऊडस्पीकरांतील दिवा याच तत्त्वावर चालतो. तो ट्वीटरच्या वाटेवर असतो. प्रवाह फार झाला कीं पेटतो, स्वतःचा रोध वाढवितो, आणि जी शक्ति वेटोळ्याला जाळणार होती ती उजेड व उष्णता यांच्या रूपानें खर्च करतो. कार्यक्रम थांबत नाहीं. वरचे स्वर तेवढे थोडे दबतात.

या दिव्यासंबंधीं एक अनुभव सांगतों. माझे मामा गांवोगांवच्या उत्सवांना लाऊडस्पीकर पुरवीत. मी तेव्हां महाविद्यालयांत होतों आणि वाचलेलें सारें करून पाहण्याची मला घाई होती. त्यांच्या एका पेटींत मला तो दिवा सांपडला. आवाजाच्या वाटेंत दिव्याचें काय काम, असें म्हणून मीं त्याच्या दोन टोंकांना तार जोडून टांकी मारली. त्या रात्रीं आवाज खरोखरच अधिक लख्ख वाटला. चारचौघांनीं तसें बोलून दाखविलें, आणि मी फुशारून गेलों. तिसऱ्या रात्रीं भजन रंगांत आलें असतां कोणी तरी खुंटी पुढें सरकविली. थोड्या वेळानें माझ्या ध्यानांत आलें कीं, पखवाज ऐकूं येतो आहे, बुवांचा आवाज जाड येतो आहे, पण समोर दहा टाळ वाजत असून एकही टाळ ऐकूं येत नाहीं. मामांनीं दुसऱ्या दिवशीं पेटी उघडली, ती तार पाहिली आणि एवढेंच म्हणाले, "अरे, दिवा गेला असता तर दुसरा लावला असता." ट्वीटरची किंमत त्यांनीं माझ्याजवळ कधीं काढली नाहीं.

तो आवाज पहिल्या रात्रीं लख्ख कां वाटला, याचा उलगडा मला पुष्कळ वर्षांनीं कागदावर हिशेब केल्यावर झाला. थंड दिव्यालाही थोडा रोध असतोच. तो एक ओहम् धरूं. ट्वीटर आठ ओहमचा धरूं. दिवा काढला कीं ट्वीटरवरील दाब नवास आठ या प्रमाणांतून सुटतो, म्हणजे आवाज एक डेसिबल वाढतो. शिवाय गाळणीची सीमाही हलते. पांच मायक्रोफॅरडचा एकच कंडेन्सर असेल, तर नऊ ओहमच्या भारावर ती सीमा सुमारें ३५०० हर्ट्झ असते, आणि आठ ओहमवर ती सुमारें ४००० वर जाते. म्हणजे मीं निर्मळपणा म्हणून जें ऐकलें, तें केवळ बिघडलेलें प्रमाण होतें. रोधकाची योग्य निवड करून तोच फरक मला दिवा न काढतांही घडवून आणतां आला असता. क्रॉसओव्हरची रचना करणाऱ्यानें दिव्याचा रोध आपल्या गणितांत धरलेला असतो, ही गोष्ट तो काढणाऱ्याला ठाऊक नसते. आणि बहुतेक वाद तेथूनच उद्भवतात.

चौथा राखणदार १९८० नंतरच्या दशकांत आला. अमेरिकेंतील रेकेम कंपनीनें 'पॉलिस्विच' नांवाची चकती तयार केली. तिच्यांत प्लास्टिकसारख्या पदार्थांत कार्बनचे कण मिसळलेले असतात. थंड असतां ते कण एकमेकांना लागून असतात आणि त्यांच्या सांखळ्यांवरून वीज जाते. प्रवाह फार झाला कीं पदार्थ तापून फुगतो, सांखळ्या तुटतात, आणि रोध हजारों पटींनीं वाढतो. थंड झाल्यावर सांखळ्या पुन्हां जुळतात. न जळणारा, आपण होऊन पूर्वपदावर येणारा हा फ्यूज होय. अनेक रचनाकार त्याच्या समांतर एक रोधक जोडतात, म्हणजे चकती बंद झाली तरी ट्वीटर मुका न होतां हळू आवाजांत चालूं राहतो. मात्र या चकतीलाही वार्धक्य आहे. एकदां तापून निवाल्यावर तिचा रोध पहिल्याहून थोडा अधिकच राहतो. अनेकदां असें घडलेली जुनी चकती आवाज मंद करूं शकते. ती बदलणें ही खरी दुरुस्ती होय. तिच्या जागीं सरळ तार जोडणें ही मात्र तीच जाड तारेची गोष्ट होय.

या इतिहासाला एक दुसरी बाजूही आहे. कांहीं ठिकाणीं राखणदार मुळांत नव्हता, आणि तो मागाहून बसवावा लागला. इंग्लंडांतील पीटर वॉकर यांनीं १९५७ मध्यें विक्रीस आणलेला क्वाड लाऊडस्पीकर स्थिर विद्युतेवर चालतो; त्यांत वेटोळें नाहीं, तर दोन जाळ्यांमध्यें ताणलेला एक अतिशय तलम पडदा आहे. मानवी कंठाचा आवाज इतक्या सचोटीनें देणारें यंत्र त्यापूर्वीं झालें नव्हतें, असें मानणारे लोक आजही आहेत. तो वॉकर यांच्याच पंधरा वॉटच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठीं घडविलेला होता, आणि त्याची मर्यादा ३३ व्होल्टची होती. पुढें लोक त्याला बलवान ट्रान्झिस्टर-अ‍ॅम्प्लिफायर जोडूं लागले. पडद्याजवळ ठिणग्या उडूं लागल्या, आणि तारस्वरांचे पडदे निकामी होऊं लागले. १९७५ मध्यें कंपनीनें स्वतःच शंभर वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर काढला तेव्हां या लाऊडस्पीकरांसाठीं त्याच्या दाबाला आवर घालण्याची सोय त्यांतच ठेवली. जुन्या क्वाडमध्यें दाब रोखणारीं लहान मंडलें बसविण्याची प्रथाही पडली. १९८१ च्या नव्या नमुन्यांत तर ठिणगीची चाहूल लागतांच आंत येणारा प्रवाह बाजूला वळविणारी व्यवस्था कारखान्यांतूनच आली. म्हणजे इकडे कांहीं मंडळी राखणदाराला हांकलून देत होती, तर तिकडे कांहीं मंडळी त्याला आमंत्रण देऊन आणीत होती. आणि दोघांचाही हेतु एकच होता, आवाज निर्मळ राहावा.

आज हा पहारा पुष्कळ ठिकाणीं पेटीबाहेर गेला आहे. व्यावसायिक लाऊडस्पीकरांत वूफरला निराळा व ट्वीटरला निराळा अ‍ॅम्प्लिफायर असतो, आणि गाळणीचें काम अंकांवर चालणारें यंत्र करतें. तेंच यंत्र वेटोळें किती तापलें असेल याचा सतत हिशेब ठेवतें. तांब्याचा रोध दर अंश सेल्सियसला सुमारें ०·३९ टक्के वाढतो. म्हणजे वेटोळें अडीचशें अंशांनीं तापलें तर त्याचा रोध जवळजवळ दुप्पट होतो. यंत्राला हें गणित ठाऊक असतें, आणि धोक्यापूर्वींच तें हलकेच आवाज उतरवितें. येथें दिवा नाहीं, डायोड नाहीं. पण राखणदार आहेच. जे लोक आवाजाच्या वाटेंत एकही परकी वस्तु नको म्हणतात, त्यांनीं हें ध्यानीं घ्यावें कीं, पहारा उठविला गेलेला नाहीं, तो फक्त अदृश्य झाला आहे.

तेव्हां मूळ प्रश्नाचें उत्तर काय? हे घटक पवित्र नाहींत, आणि ते बदलण्याचा अधिकार ज्याची पेटी त्याला आहेच. परंतु त्या अधिकाराबरोबर तीन कर्तव्यें येतात, असें मला वाटतें. पहिलें, जी वस्तु काढावयाची तिचा रोध मोजून तेवढा रोध दुसऱ्या मार्गानें परत द्यावा. नाहीं तर आपण तुलना करतों ती दोन निरनिराळ्या प्रमाणांची, दोन निर्मळपणांची नव्हे. दुसरें, एका ठिकाणचा पहारा उठविला तर तो दुसऱ्या ठिकाणीं बसवावा. मग तो पुरेशा शक्तीचा, ताणाखालीं न येणारा अ‍ॅम्प्लिफायर असो, वा खुंटीवर केलेली एक खूण असो. आणि तिसरें, जें बदललें तें पेटीच्या आंतल्या बाजूस लिहून ठेवावें, कारण ती पेटी उद्यां दुसऱ्याच्या हातीं जावयाची असते, आणि त्याचा विश्वास कारखान्याच्या शब्दावर असतो.

या तिसऱ्या कर्तव्याचें महत्त्व मला सर्वांत उशिरा कळलें. घरांत एकटाच ऐकणारा माणूस आपल्या धाडसाची किंमत स्वतः भरतो. परंतु उत्सवाच्या मांडवांत, शाळेच्या संमेलनांत, चित्रपटगृहांत जो आवाज जातो तो शेंकडों लोकांच्या वतीनें जातो. त्या रात्रीं भजनाला बसलेल्या मंडळींपैकीं कोणालाही क्रॉसओव्हर म्हणजे काय हें ठाऊक नव्हतें. टाळ कोठें गेले, एवढेंच काय तें त्यांना कळलें असेल. त्यानंतर मामांच्या त्याच पेटींत मीं स्वतः नवा दिवा बसविला, आणि ती पेटी पुढें अनेक वर्षें चालली. मोठ्या गजराच्या वेळीं तिच्या जाळीआडून मधूनच तांबूस उजेड दिसे. तो दिसला कीं मामा खुंटी थोडी मागें घेत, आणि टाळ पुन्हां स्वच्छ ऐकूं येत.